हरवलेला हातोडा आणि सापडलेली पेटी: हॉक्सनचं प्रकरण

दोन पिशव्या भरल्या आणि मग एरिक लॉझ थांबले. हॉक्सनच्या रोमन खजिन्याच्या या अख्ख्या प्रकरणात मला हाच क्षण सगळ्यात भारी वाटतो. सोनं बघून माणूस खणत सुटतो, थांबत नाही, आणि इथं एक रिटायर्ड माळी खड्ड्यात अजून ढीगभर नाणी दिसत असताना फावडं खाली ठेवतो आणि फोन करायला जातो.

पण सुरुवातीपासून सांगतो. इंग्लंडच्या पूर्व टोकाला सफोक नावाची काउंटी आहे, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं समजा, सपाट शेतजमीन, गहू, बार्ली, बीट. तिच्या उत्तर सीमेजवळ हॉक्सन नावाचं गाव आहे. 16 नोव्हेंबर 1992 ला तिथला एक शेतकरी वैतागला होता कारण त्याचा हातोडा शेतात कुठंतरी पडला होता. जमीन त्याची स्वतःची नव्हती, सफोक काउंटी कौन्सिलची होती, हा कूळ म्हणून कसणारा. त्याचे मित्र लॉझ यांना रिटायर होताना मेटल डिटेक्टर भेट मिळाला होता, ते छंद म्हणून फिरवायचे, तर मित्र म्हणाला ये जरा, हातोडा शोधून दे. मशीन वाजलं, खणलं, तर चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणीच नाणी.

आता इथं दोन रस्ते होते. एक म्हणजे अजून खणायचं, सगळं घरी न्यायचं, धुवायचं पुसायचं, टेबलावर मांडायचं आणि मग ठरवायचं कुणाला सांगायचं ते. अगदी प्रामाणिक माणूसही हेच करेल, चोरी करायची नसली तरी करेल, कारण उत्सुकता असतेच ना. दुसरा रस्ता लॉझनी धरला, हात काढून घ्यायचा आणि मालकाला म्हणजे कौन्सिलला आणि पोलिसांना कळवायचं. दुसऱ्याच दिवशी काउंटीच्या पुरातत्त्व विभागाची टीम आली आणि गाजावाजा न करता एका दिवसात त्यांनी ती जागा खणून काढली. एवढी घाई का, तर इंग्लंडात रात्री बॅटरी आणि डिटेक्टर घेऊन शेतात घुसणाऱ्या चोरांची जमातच आहे, नाइटहॉक म्हणतात त्यांना. बातमी फुटली असती तर दोन रात्रींत शेताची चाळण झाली असती. आणि बातमी फुटलीच, तीन दिवसांत एका टॅब्लॉइड पेपरने पहिल्या पानावर छापली, पण तोपर्यंत माल लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये पोचला होता.

आपल्याकडे पोलीस घटनास्थळी आले की आधी पंचनामा करतात, मुद्देमाल नंतर हलवतात, बरोबर? कुठली वस्तू कुठं पडली होती, कशाच्या शेजारी, तोंड कुठं होतं, हे एकदा गेलं की गेलं, नंतर कोर्टात कितीही ओरडा. पुरातत्त्वाचंही अगदी तेच. लॉझनी पिशवीत भरलेल्या वस्तू खऱ्या आहेत, मौल्यवान आहेत, पण त्या पेटीत कुठल्या कोपऱ्यात होत्या हे आता कोणी सांगू शकणार नाही. बाकीच्या वस्तू मातीसकट ठोकळ्यांच्या रूपात उचलल्या आणि म्युझियमच्या लॅबमध्ये सावकाश एकेक थर सोडवला. त्यातून काय काय निघालं बघा.

लाकूड बहुतेक कुजून गेलेलं, पण लोखंडी पट्ट्या, खिळे आणि वस्तूंच्या मांडणीवरून कळलं की ही ओकची पेटी होती, साधारण 60 बाय 45 बाय 30 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या आजीच्या ट्रंकेपेक्षा लहानच. तिच्या आत अजून छोट्या लाकडी पेट्या होत्या, त्यांची चांदीची इवलीशी कुलुपं सापडली. चांदीचे वाडगे एकात एक रचले होते आणि मधे गवत घातलं होतं, आपण घर बदलताना काचेच्या बश्यांमधे वर्तमानपत्र घालतो तसं. काही वस्तू कापडात गुंडाळलेल्या. आता हे गवत आणि कापडाचे तंतू, बाजारात याची किंमत शून्य, आणि हौशी माणसाने हे सगळं बादलीत धुतलं असतं तर नाल्यात गेलं असतं. पण याच गवतामुळे कळतं की पेटी पळताना घाईत कोंबलेली नाही, कोणीतरी शांतपणे बसून, विचार करून भरली आहे. आणि हा मुद्दा पुढे कायद्याच्या भाषेत किती कामाला आला ते सांगतोच.

आकडे सांगून टाकतो. एकूण 14,865 नाणी, त्यात 569 सोन्याची, 14,272 चांदीची आणि 24 काशाची. सोन्याचे दागिने 29: एक अंगभर घालायची साखळी, 6 गळ्यातले, 3 अंगठ्या आणि 19 बांगड्या-कडी. शिवाय शंभराच्या आसपास चांदीचे चमचे आणि पळ्या. एका कड्यावर सोन्यात जाळी कापून लॅटिन अक्षरं काढली आहेत, अर्थ साधारण असा की बाई ज्युलियाना, सुखाने वापर. तिन्ही अंगठ्यांमधले खडे मात्र आधीच काढून घेतलेले होते, कोणी आणि का ते तुम्हीच तर्क करा. अंगावरच्या साखळीत पण काही कोंदणं रिकामी आहेत, तिथे बहुधा मोती असावेत, मोती मातीत टिकत नाहीत. ती साखळी इतकी लहान आहे की एखाद्या बारीक तरुण मुलीलाच बसेल.

चमच्यांच्या एका संचावर ऑरेलियस उर्सिसिनस असं नाव आहे. लगेच हाच मालक म्हणून ठरवायचा मोह होतो पण तसं म्हणता येत नाही, आपल्याकडेही स्टीलच्या डब्यावर नाव मामीचं असतं आणि डबा वापरते आत्या.

आणि एक चांदीची वाघीण आहे, अंगावर काळे पट्टे भरलेली, मागचे पाय टेकून ताणलेली. ही कुठल्यातरी मोठ्या फुलदाणीसारख्या भांड्याचा कान आहे. भांडं मात्र नाही! मोठी ताटं, परातीही नाहीत, आणि एवढ्या श्रीमंत घरात त्या असणारच. म्हणजे ही पेटी त्या घराच्या संपत्तीचा एक भाग, बाकीचं एकतर दुसरीकडे पुरलं, वाटून घेतलं, नाहीतर विकलं किंवा लुटलं गेलं. हेही लक्षात कशामुळे येतं, तर पेटीत काय आणि किती होतं याची नोंद पक्की आहे म्हणून. अर्धा माल कुणाच्या कपाटात गेला असता तर "भांडं कुठंय" हा प्रश्नच विचारता आला नसता, कोणीही म्हणालं असतं की भांडं त्या कपाटात असेल.

काळ कुठला? सगळ्यात उशिराची नाणी तिसऱ्या कॉन्स्टंटाइनची, सन 407-408 ची. हा गडी ब्रिटनमधल्याच रोमन सैन्याने सम्राट म्हणून उभा केला आणि तो सैन्य घेऊन फ्रान्सकडे गेला, त्यानंतर ब्रिटनमधली रोमन सत्ता जवळपास संपलीच. तेव्हा पेटी 407-408 च्या आधी पुरलेली असूच शकत नाही, नंतर किती वर्षांनी यावर वाद आहे. वादाचं कारण पुन्हा नाणीच, चांदीची जवळजवळ सगळी नाणी कडेने कातरलेली आहेत. कडेची चांदी कापून घ्यायची आणि नाणं पुन्हा चालवायचं, पण सम्राटाचा चेहरा मात्र कापायचा नाही, तेवढा मान ठेवायचा (किंवा तेवढी भीती). रोमहून नवीन नाणी यायची बंद झाल्यावर जुन्यांवरच भागवावं लागलं असणार, आणि नाणी एवढी कातरली जायला वेळ लागतो, म्हणून काहीजण पुरण्याची तारीख पुढे ढकलतात. मला हे पटतं, पण माझ्या पटण्याला किती किंमत आहे ते सोडा.

मिरीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. पेटीत चार चांदीच्या मिरीदाण्या निघाल्या. त्यातली एक बाईच्या रूपातली, वरचा अर्धा पुतळा, केसांची झकास रचना, हातात गुंडाळी, जेमतेम 10 सेंटिमीटर उंच. लोक तिला सम्राज्ञी म्हणतात, पण ती खरंच कोणी राणी आहे याला पुरावा नाही. बुडाशी फिरणारी चकती आहे, एका जागी बंद, एका जागी पूर्ण उघडी म्हणजे मिरी भरायला, आणि एका जागी बारीक भोकं म्हणजे शिंपडायला. 1600 वर्षांपूर्वीचं डिझाइन आणि आमच्या घरातली प्लास्टिकची मिरीदाणी अजून गळते. ही मिरी यायची आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून, जहाजाने तांबड्या समुद्रात, तिथून इजिप्त, मग भूमध्य समुद्र, आणि शेवटी हे सफोक. आणि 408 सालीच, म्हणजे पेटीतल्या शेवटच्या नाण्यांच्या काळात, गॉथ टोळ्यांचा राजा अलारिकने रोमला वेढा घातला तेव्हा खंडणीत सोन्या-चांदीबरोबर 3,000 पौंड मिरीही मागितली होती. मिरी ही काय चीज होती त्यावरून समजा.

आता तुलना करू, कारण एकट्या हॉक्सनकडे बघून लॉझ थांबले याचं महत्त्व कळत नाही. याच सफोकमध्ये मिल्डनहॉल गावाजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1942 च्या सुमारास, नांगरताना रोमन चांदीची 34 भांडी सापडली. त्यातलं मोठं ताट 60 सेंटिमीटर रुंद आणि 8 किलोहून जड. पण ज्याच्या हातात ती गेली त्याने घरी नेऊन साफ करून ठेवली, थोडीफार सरळही केली, आणि 1946 पर्यंत सरकारला काही सांगितलं नाही. परिणाम काय झाला, तर भांडी अप्रतिम आहेत, म्युझियममध्ये आहेत, पण नक्की कुठल्या खड्ड्यातून, कशी, कशाबरोबर निघाली यावर कायमचं धुकं. वर्षानुवर्षं असा संशय चालू राहिला की एवढं उच्च दर्जाचं काम ब्रिटनमध्ये कसं सापडेल, युद्धात कोणीतरी विमानाने भूमध्य समुद्राकडून आणून पुरलं असेल. हॉक्सनच्या वस्तूही तेवढ्याच उच्च दर्जाच्या, पण त्यांच्याबद्दल असा प्रश्न विचारायची कुणाची टाप नाही, कारण खड्डाच साक्षीदार आहे. खरं तर हॉक्सन सापडल्यावर मिल्डनहॉलवरचा संशयही ढिला पडला.

शेजारच्या नॉरफोक काउंटीत थेटफर्डला 1979 मध्ये तर अजून वाईट झालं. एकाने परवानगी नसताना डिटेक्टर फिरवला, सोन्याच्या अंगठ्या आणि चांदीचे चमचे मिळाले, आणि परवानगी नव्हती म्हणूनच ते लपवून ठेवले. अधिकाऱ्यांना कळेपर्यंत त्या जागेवर बांधकाम झालेलं. खड्डाच गेला. संपलं.

कायद्याची भानगड मजेशीर आहे. 1992 मध्ये इंग्लंडात गुप्तधनाचा कायदा होता तो मध्ययुगापासून चालत आलेला. त्याप्रमाणे सोनं-चांदी असेल, मालक माहीत नसेल, आणि पुरणाऱ्याचा परत येऊन काढून घ्यायचा इरादा असेल तरच ते राजमुकुटाचं, म्हणजे सरकारचं. म्हणजे कॉरोनर (मुंबईतही पूर्वी असायचा, संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा) आणि त्याचे ज्युरी यांनी बसून ठरवायचं की 1600 वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या मनात काय होतं! याच सफोकमध्ये 1939 साली सटन हू इथं जहाजात पुरलेलं राजेशाही दफन निघालं तेव्हा कॉरोनरकडे निकाल लागला की हे मृताबरोबर कायमचं पुरलं होतं, परत काढायचा इरादाच नव्हता, म्हणून हे गुप्तधन नाही, जमीनमालकीण एडिथ प्रेटी यांचं आहे. आणि त्या बाईंनी सगळंच्या सगळं राष्ट्राला देऊन टाकलं.

हॉक्सनचा निकाल सप्टेंबर 1993 मध्ये लॉस्टॉफ्टला लागला, गुप्तधन म्हणून. कुलुपं लावलेल्या पेट्या, मधे गवत, कापडात गुंडाळणं, असं सामान कोण परत न यायच्या हिशोबाने भरेल? किंमत ठरली 17.5 लाख पौंड. जुन्या पद्धतीत माल सरकारचा झाला की तेवढी रक्कम बक्षीस म्हणून शोधणाऱ्यालाच मिळायची, शेतकऱ्याचा त्यावर हक्क नव्हता. लॉझनी आपणहून त्याच्याबरोबर वाटून घेतलं. हातोडा त्याचा होता शेवटी.

पण या प्रकरणात कायद्याची भोकंही दिसली. सोनं-चांदी राजाची, मग ओकची पेटी, काशाची 24 नाणी, लोखंडी पट्ट्या, हाडाचे तुकडे, यांचं काय? जुन्या कायद्याला त्यांच्याशी देणंघेणं नव्हतं, आणि माहिती तर त्यातच जास्त. पुढे 1996 चा ट्रेझर अॅक्ट आला, 1997 पासून लागू झाला. त्यात परत यायचा इरादा वगैरे मन ओळखायचा खेळ काढून टाकला, 300 वर्षांहून जुनं आणि किमान 10 टक्के सोनं किंवा चांदी असेल तर ते ट्रेझर, त्याच्याबरोबर सापडलेलं बाकी सगळंही ट्रेझर, 14 दिवसांत कळवायचं, आणि जमीनमालकालाही बक्षिसात वाटा. हॉक्सनमुळेच कायदा आला असं म्हणणं जास्त होईल, मागणी जुनी होती, पण नीट वागलं तर सगळ्यांचंच भलं होतं याचं एवढं ठसठशीत उदाहरण हाताशी असल्यावर काम सोपं झालं असणार असं मला वाटतं. गंमत म्हणजे आपला 1878 चा भारतीय कायदा या बाबतीत आधीपासून मोकळा होता, त्यात धातूची अट नाही, जमिनीत लपवलेली कुठलीही मौल्यवान गोष्ट, किंमत दहा रुपयांच्या वर असली की कलेक्टरला कळवायचं, आणि कोणी हक्कदार निघाला नाही तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश. कागदावर तरी.

एक गोष्ट मला कळल्यावर मी उडालोच होतो. हॉक्सन पुरातत्त्वात आधीच प्रसिद्ध होतं, आणि ती गोष्ट सुरू होते जवळजवळ 200 वर्षं आधी. 1797 मध्ये जॉन फ्रियर नावाच्या गृहस्थाने लंडनच्या अँटिक्वेरीज सोसायटीला (जुन्या वस्तूंचा अभ्यास करणारी संस्था) पत्र लिहिलं की हॉक्सनला विटांसाठी माती काढतात त्या खाणीत सुमारे 12 फूट खोलीवर गारगोटीची घडवलेली हत्यारं निघतात. कामगारांना त्यांचं काही नव्हतं, टोपल्या भरभरून ती रस्त्यातल्या चाकोऱ्यांच्या खड्ड्यांत ओतत होते! फ्रियरने हत्यारं तर पाठवलीच, पण वरचा मातीचा थर किती, त्याखाली चिकणमाती किती, मग शिंपल्यांची वाळू, मग गारगोट्यांचा थर ज्यात ही हत्यारं होती, सगळं मोजून लिहिलं. आणि म्हणाला की एवढे थर वर साचायला जो काळ लागला असेल तो बघता ही हत्यारं फार फार जुनी असली पाहिजेत, ज्यांना धातू माहीत नव्हता अशा लोकांची. सृष्टी जेमतेम सहा हजार वर्षांची असं मानायचे दिवस होते ते. सोसायटीने 1800 मध्ये पत्र छापलं, आभार मानले आणि सगळे विसरून गेले, ते थेट 1859 पर्यंत. आज त्या थरांचं वय सुमारे 4 लाख वर्षं धरतात, आणि ब्रिटनमधल्या एका उबदार हवामानाच्या कालखंडाला हॉक्सनियन असं या गावाचंच नाव आहे. बाकीच्या हौशी मंडळींनी नुसत्या कुऱ्हाडी कपाटात ठेवल्या असत्या, या माणसाने खड्डा वाचला.

आणि याच जॉन फ्रियरचा नातू म्हणजे सर बार्टल फ्रियर! सातारचं राज्य खालसा झालं त्या काळात तिथे रेसिडेंट असलेला, 1862 ते 67 मुंबईचा गव्हर्नर, ज्याच्या काळात फोर्टची तटबंदी पाडली, ज्याच्या नावाने फ्लोरा फाउंटन आधी फ्रियर फाउंटन होतं आणि डिमेलो रोड आधी फ्रियर रोड. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या इमारतीची कोनशिला 1864 मध्ये त्यानेच बसवली. त्याच डेक्कन कॉलेजात पुढे पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी अश्मयुगीन हत्यारांचं संशोधन उभं केलं, म्हणजे आजोबांची कुऱ्हाड आणि नातवाची कोनशिला अशी कुठंतरी जुळलीच.

बरं, पुन्हा शेताकडे. 1993 च्या सप्टेंबरमध्ये शेत पुन्हा तपासलं, नांगराने विखुरलेली अजून बरीच नाणी मिळाली. पण ज्या श्रीमंताची ही पेटी त्याचा वाडा, भिंत, फरशी, काही म्हणजे काही त्या जागी निघालं नाही. सगळ्यात जवळची रोमन वस्ती स्कोलला, तीनेक किलोमीटरवर, रोमन रस्त्याच्या कडेला. म्हणजे पेटी घरापासून लांब, उघड्या रानात आणून पुरली. खड्ड्याच्या शेजारी एका खांबाचं भोक मात्र सापडलं. त्याची तारीख काढता येत नाही, पण खूण म्हणून खांब रोवला असेल असा अंदाज आहे, आणि तो बरोबर असेल तर सटन हूचा उलटा पुरावा इथं मातीतच होता, परत यायचा इरादा. कोणी आलं नाही ते नाही.

आता ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन ब्रिटनच्या दालनात या वस्तू मांडल्या आहेत, पेटीच्या आत त्या कशा रचलेल्या असतील याची पारदर्शक प्रतिकृतीही आहे, गर्दी अर्थातच मिरीदाणीपुढे असते. आणि हो, तो हातोडा. तोही सापडला, आणि शेतकऱ्याने म्युझियमला देऊन टाकला. लाखो पौंडांत वाटा मिळाला खरा, पण हातोडा त्याला दुकानातून नवीनच आणावा लागला असणार.